नवा सेन्सर घालूनही विझत नसलेला दिवा: ऑक्सिजन सेन्सर सर्किटच्या तपासणीच्या प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी

सोलापुरात होटगी रोडवरील आमच्या गॅरेजमध्ये आज २०१४ सालची एक छोटी पेट्रोल मोटार दाखल करून घेतली. गाडी एमएच १३ पासिंगची असून तिला बाहेरून सीएनजी किट बसवलेले आहे. मालक टॉवेलचे घाऊक व्यापारी आहेत आणि गाडी रोज नवी पेठ, अक्कलकोट रोडची एमआयडीसी आणि घर एवढ्यात फिरते. महिन्यातून एखाद-दुसरी फेरी तुळजापूरची होते. चेक इंजिनचा दिवा सतत लागलेला असतो, शहरात ॲव्हरेज फार घटले आहे आणि सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी धरते, अशी तक्रार आहे. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरात जळून उरलेला ऑक्सिजन ओळखून इंजिनाच्या संगणकाला कळवणारा) नवा घालण्यात आला होता. दिवा काही दिवस विझला आणि पुन्हा लागला, तेव्हा नवा सेन्सरही खराब निघाल्याचे मालकांना सांगण्यात आले. काढलेला जुना सेन्सर त्यांनी डिकीत जपून ठेवला होता, तो मागून घेतला.

गाडी लावता लावता मालक म्हणाले, "मालक, गावात गाडी नुसती पेट्रोल पितीय, आणि एकदा तुळजापूरच्या रस्त्याला लागली की शहाण्यासारखी पळतीय, बघा." त्यांचे हे वाक्य जसेच्या तसे जॉब कार्डावर उतरवून घेतले, कारण तपासाची दिशा ठरवायला ते स्कॅनरच्या पहिल्या पानाइतकेच उपयोगी आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकचा असा सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. महामार्गावर निघालेला धूरच त्याला तेवढा तापवतो. सिग्नलवर थांबत, गर्दीतून रांगत जाणाऱ्या गाडीत मात्र ही जबाबदारी सेन्सरच्या आत बसवलेल्या हीटरवर असते. गावात बिघडणारी आणि महामार्गावर सुधारणारी गाडी म्हटली की पहिला संशय हीटरवर जातो.

स्कॅनर लावला. साठवलेले दोषांचे कोड दोन निघाले: पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी). पहिल्या कोडच्या वेळची नोंद पाहिली असता इंजिन आयडलवर (पाय न दाबता नुसते चालू), पाण्याचे तापमान ३४ अंश आणि वेग शून्य होता, म्हणजे गाडी नुकतीच सुरू केलेली होती. कोड पुसले नाहीत.

७ फेब्रुवारी

आज गाडीला हात न लावता सर्किटचा आराखडा समोर घेऊन बसलो. सहकाऱ्याला हे फारसे रुचले नाही, पण कोडमध्ये 'सर्किट' असे लिहिलेले असताना थेट सेन्सर विकत आणायला धावणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला ती फार महागात पडते. सेन्सर हा त्या सर्किटमधला एक घटक झाला. त्याच्याखेरीज फ्यूज, मेन रिले, पुरवठ्याची तार, कनेक्टर, ईसीयूकडे (इंजिनाच्या संगणकाकडे) जाणारी नियंत्रणाची तार आणि ईसीयूमधला ड्रायव्हर (हीटरचा करंट चालू-बंद करणारा भाग) हे सगळे त्याच कोडच्या पोटात येतात.

या गाडीत चार तारांचा सेन्सर आहे. दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची, ही बॉशची परिचित रंगसंगती इथेही आहे. मात्र कनेक्टरच्या पलीकडे गाडीच्या हार्नेसमधले (तारांच्या जुडीतले) रंग वेगळे असतात, त्यामुळे तिकडे आराखड्यावरूनच चालावे लागते. हीटरला बॅटरीचा पुरवठा मेन रिले आणि १५ अँपिअरच्या फ्यूजमधून मिळतो, तर अर्थची बाजू ईसीयू स्वतः चालू-बंद करून हीटरची उष्णता कमीजास्त करतो.

मालकांच्या चुलतभावाची त्याच काळातली, पण दुसऱ्या गावाहून घेतलेली गाडी अशी कुरकुर करत नाही, असेही ते म्हणाले होते. त्यामागे एक साधे कारण असू शकते. धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज ४ हे नियम संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले, परंतु एप्रिल २०१० मध्ये ते ज्या तेरा शहरांत आधी आले त्या यादीत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरचेही नाव होते. त्यामुळे त्या वर्षांत इथे पासिंग झालेल्या गाड्यांवर शेजारच्या तालुक्याच्या गावांतील गाड्यांपेक्षा कडक नियम होते. पुढे एप्रिल २०१३ पासून अशा गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याची व्यवस्था) बंधनकारक झाले. चुलतभावाची गाडी स्टेज ३ ची असेल तर तिच्यातला ईसीयू एवढा चिकित्सक नसणारच.

९ फेब्रुवारी

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवला आणि दोन पांढऱ्या तारांमधला रोध मोजला. तो सात ओहमच्या थोडा वर आला. या जातीच्या हीटरसाठी थंड अवस्थेत हे वाचन योग्य आहे. तापल्यावर रोध वाढतो, म्हणून गरम सेन्सरवर घेतलेले वाचन तुलनेला धरू नये. डिकीतल्या जुन्या सेन्सरचा हीटरही जवळपास तेवढाच भरला. मग तो जुना सेन्सर व्हाइसमध्ये धरून त्याच्या टोकावर ब्लो टॉर्चची ज्योत धरली आणि सिग्नलच्या तारांना मल्टिमीटर लावला. टोक लालसर होताच व्होल्टेज ०.८ च्या पुढे गेले आणि ज्योत बाजूला घेताच क्षणार्धात शून्याजवळ उतरले. पुन्हा धरली, पुन्हा चढले. ज्याला भंगार ठरवून काढले होते तो सेन्सर अजून ठणठणीत आहे, असे मालकांना फोन करून कळवले. पलीकडे काही वेळ शांतता होती, मग त्यांनी नव्या सेन्सरचे बिल किती झाले होते ते सांगितले.

आता गाडीची बाजू. चावी चालू करून कनेक्टरमधल्या पुरवठ्याच्या पिनवर मल्टिमीटर लावला तर १२.३ व्होल्ट. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते: पुरवठा येतो आहे, तार अखंड आहे, म्हणजे सेन्सरच गेला असणार. परंतु मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि करंट वाहत नसताना सडलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सोलापूरकराला हे समजावण्यासाठी नळाचे उदाहरण पुरेसे आहे: तोटी बंद असताना पाइपात दाब भरपूर वाटतो, आणि उघडली की धार करंगळीएवढी.

म्हणून त्याच पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. हा बल्ब पूर्ण उजेडात पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो, म्हणजे थंड हीटर जेवढा घेतो साधारण तेवढाच. बल्ब उदबत्तीच्या टोकासारखा लालसर पेटला आणि पिनवरचे व्होल्टेज १२.३ वरून ५.१ वर कोसळले. उरलेले सात व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्ची पडत आहेत हे उघड झाले. हीटरला मिळायला हवी त्याच्या जेमतेम पाव ताकद मिळत असणार. ईसीयूला अपेक्षित करंट दिसत नाही आणि तो पी०१३५ नोंदवतो. त्याची नोंद खरीच होती.

नियंत्रणाच्या तारेसाठी मात्र २१ वॅटचा बल्ब वापरला नाही. ईसीयूचा ड्रायव्हर ठराविक भारासाठीच केलेला असतो आणि तपासणीच्या नादात तो जाळला तर दुरुस्ती फार महागात जाते. तिथे ५ वॅटचा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून लावून इंजिन सुरू केले. बल्ब नीट पेटला आणि थोड्या वेळाने ईसीयूने हीटर कमी करायला घेतल्यावर त्याची लुकलुकही दिसली. ड्रायव्हर आणि अर्थची बाजू दोषमुक्त. शोध आता फक्त पुरवठ्याच्या तारेपुरता उरला.

१० फेब्रुवारी

कनेक्टरवर २१ वॅटचा बल्ब तसाच पेटता ठेवून, मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई पुरवठ्याच्या मार्गावर एकेका ठिकाणी टोचत पुढे सरकलो. बॅटरीवर १२.२, फ्यूजच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला १२.०, बॅटरी ट्रेच्या मागे हार्नेस वळतो तिथे ११.९. त्याच हार्नेसवर तिथून वीतभर पुढे ५.३.

मधल्या वीतभर जागेत हार्नेसवर काळी टेप गुंडाळलेली होती आणि ती कंपनीची नव्हती. कंपनीची टेप कापडी, कोरडी आणि सारख्या अंतराने वळवलेली असते. ही चिकट, गोंद बाहेर आलेली आणि त्या गोंदावर धूळ व ऑइल बसून डांबरासारखी झालेली होती. ब्लेडने ती उभी चिरून बाजूला केली. आत हीटरच्या पुरवठ्याच्या तारेचे प्लास्टिक बोटभर सोलून, त्यावर दुसरी एक तार नुसती पिळून गुंडाळली होती. ती दुसरी तार सीएनजी किटच्या ईसीयूकडे जात होती: चावी चालू झाली की किटला १२ व्होल्ट मिळावेत म्हणून फिटरने हाताशी आली ती तार सोलून घेतली होती. सोलताना ब्लेड खोल गेलेले दिसत होते. फ्यूजच्या बाजूचे तांब्याचे धागे शाबूत होते. सेन्सरच्या बाजूचे बहुतेक तुटलेले होते आणि उरलेल्या दोन-तीन धाग्यांवर हिरवी बुरशी चढली होती. इंजिन धुताना जाणारे पाणी बॅटरी ट्रेवरून बरोबर इथेच उतरते.

दोष पिळलेल्या जोडाच्या पुढे, सेन्सरच्या दिशेला असल्याने किटला त्याचा काहीच त्रास होत नव्हता. सीएनजीवर गाडी व्यवस्थित चालत होती, म्हणून किटच्या वायरिंगकडे पाहावे असे कुणाला वाटलेच नाही. सहकाऱ्याने त्या दोन टोकांत मल्टिमीटरचा बझर लावून पाहिला, तर बझर खणखणीत वाजला. बहुतेक मल्टिमीटरचा बझर वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो, आणि इथे सहा-सात ओहम मधे अडकलेले होते. बझरवर तार पास करणाऱ्याने हे एकदा करून बघावे.

११ फेब्रुवारी

खराब भाग कापून त्याच जाडीच्या तारेचा तुकडा घातला. दोन्ही टोके क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह बसवली, आणि हार्नेस कापडी टेपने पुन्हा बांधून बॅटरी ट्रेपासून बोटभर वर क्लिपमध्ये अडकवला. सहकाऱ्याने डाग देण्याचे (सोल्डर करण्याचे) सुचवले होते. हार्नेसच्या या तारेला डाग चालला असता, पण सतत थरथरणाऱ्या ठिकाणी डागाच्या कडेला तार कडक होऊन तुटते, म्हणून क्रिम्प बरा. सेन्सरच्या स्वतःच्या तारांना मात्र डाग कधीच देऊ नये आणि त्यांच्या कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर मारू नये. अनेक सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या आतूनच टोकापर्यंत पोचते.

किटची जोडणी तिथून काढून टाकली आणि तिला चावीच्या स्वतंत्र सप्लायवरून, वेगळा फ्यूज घालून पुरवठा दिला. २१ वॅटचा बल्ब पुन्हा लावला: पांढराशुभ्र उजेड, पिनवर ११.७.

१२ फेब्रुवारी

रात्रभर थंड झालेले इंजिन पेट्रोलवर सुरू केले आणि सेन्सरचे व्होल्टेज स्कॅनरवर पाहत राहिलो. सुरुवातीला ते ०.४५ वर स्थिर होते. हा आकडा सेन्सरचा नव्हे. सेन्सर थंड असेपर्यंत या ईसीयूने स्वतः तारेवर ठेवलेले ते व्होल्टेज आहे. पाऊण मिनिटाच्या आत रेघ हलली आणि ०.१ ते ०.८ मध्ये खालीवर होऊ लागली. दुरुस्तीआधी हीच रेघ आयडलवर कित्येक मिनिटे आडवी पडून राहत असे.

सिग्नलची बाजूही याच वेळी पडताळून घेतली, कारण एका हार्नेसवर असा हात फिरलेला असेल तर दुसऱ्या तारेचा भरवसा धरता येत नाही. कनेक्टर सोडवून सिग्नलची तार अर्थला टेकवली, स्कॅनरवर शून्य आले. दीड व्होल्टच्या सेलला दोन सारखे रेझिस्टर लावून मिळालेले पाऊण व्होल्ट तिला दिले, स्कॅनरवर ०.७४ आले. म्हणजे तारही अखंड आहे आणि ईसीयू खरे वाचतो आहे. इंजिन चालू असताना सिग्नलच्या अर्थमध्ये आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये वीस मिलिव्होल्टच्याही आत फरक होता. नंतर २५०० आरपीएमवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची रेघ क्षणाक्षणाला दाखवणारे यंत्र) लावला. स्वस्तातला स्कॅनर सेकंदाला एखाद-दोन वाचने देतो आणि सेन्सर मंद झाला आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. स्कोपवर दहा सेकंदांत दहा-बारा वेळा रेघ ०.४५ ओलांडत होती. सेन्सर चपळ आहे.

इथे गाडी परत देता आली असती आणि दिवाही बरेच दिवस लागला नसता. पण पी०१७१ आणि काजळी यांचा हिशेब अजून लागलेला नाही.

१३ फेब्रुवारी

आज फ्यूएल ट्रिम पाहिले, म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन कमीजास्त करतो ते. आयडलवर शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकून ठेवलेला) मिळून अधिक १९ टक्के, २५०० आरपीएमवर अधिक ८. म्हणजे मिश्रण पातळ आहे असे समजून ईसीयू आयडलला पेट्रोल वाढवतो आहे. सायलेन्सर मात्र काळा. ईसीयू पेट्रोल ओतत असताना सेन्सर पुन्हा पुन्हा हवा जास्त असल्याचे सांगत असेल, तर ती हवा इंजिनातून आली की सेन्सरच्या आधी बाहेरून घुसली, एवढाच प्रश्न उरतो.

यातले सगळे एकोणीस टक्के दोषाचे नाहीत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचे एक किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर २० टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. सेन्सर गुणोत्तर मोजत नाही, जळून उरलेला ऑक्सिजन ओळखतो, त्यामुळे जुन्या हिशेबाने बांधलेल्या ईसीयूला या पेट्रोलवर सात-आठ टक्के इंधन वाढवावेच लागते. ऊस आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात याबद्दल तक्रार करणे जरा अवघडच आहे. एवढे वजा केले की २५०० आरपीएमचा आकडा निर्दोष ठरतो आणि आयडलला दहा-अकरा टक्के उरतात.

आयडलला जास्त आणि वेगाला कमी हे लक्षण इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) गळतीचेही असते. म्हणून आधी इनटेक मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि थ्रॉटल बॉडीच्या पॅकिंगभोवती, इंजिन फार तापायच्या आत, कार्ब क्लीनर थोडा थोडा मारला. आरपीएम हलले नाहीत, ट्रिमही हलले नाही. सीएनजीचे नोझल इनटेकमध्ये जिथे टोचले आहेत तिथे विशेष लक्ष दिले. तिथेही काही नाही. मग सहकाऱ्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या गोणपाटाचा बोळा क्षणभर दाबून धरला, आणि धुराचा मॅनिफोल्ड व पुढचा पाइप जिथे जुळतात त्या फ्लँजमधून (जोडाच्या चकतीमधून) फस्‌ फस्‌ असा आवाज स्पष्ट ऐकू आला. फ्लँजच्या खालच्या कडेला बोटाच्या नखाएवढी काळी पाचर उमटलेली होती. ही जागा सेन्सरच्या आधी येते.

धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि अशा फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलला ठोके विरळ असतात म्हणून ओढ जास्त, वेगाला दाब सलग असतो म्हणून कमी. सेन्सर त्या उसन्या ऑक्सिजनला खरे मानतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि काजळी धरते.

१४ फेब्रुवारी

पुढचा पाइप खाली घेतला. पॅकिंग जुनेच, एका बाजूने चेपून जळालेले, आणि स्टडच्या एका नटावर पान्याच्या ताज्या खुणा. नवा सेन्सर घालताना हात पोचावा म्हणून पाइप उतरवला गेला असावा आणि तेच पॅकिंग पुन्हा चढवले गेले असावे. सिलिकॉन लावून ते बंद करण्याचा मोह अशा वेळी होतो, पण साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि चांगला सेन्सर कायमचा निकामी करते. नवे धातूचे पॅकिंग घातले, फ्लँज पट्टीने तपासून पाहिली, ती सरळ होती. नट दोन्हीकडून आळीपाळीने आवळले.

आयडलवर ट्रिम अधिक ७, २५०० वर अधिक ६.

१६ फेब्रुवारी

कोड पुसून मालकांना शेजारी बसवले आणि तुळजापूर रोडला गाडी काढली. गावातून बाहेर पडेपर्यंत मुद्दाम गर्दीचा रस्ता धरला, कारण खरी परीक्षा तिथेच होती. सिग्नलला उभे असतानाही सेन्सरची रेघ थांबली नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर पाय दाबला तेव्हा व्होल्टेज ०.८५ वर जाऊन टेकले, उतारावर पाय सोडताच ०.०५ वर आले. मागच्या सेन्सरची रेघ ०.६ ते ०.७ मध्ये जवळजवळ शांत होती, म्हणजे दोन सेन्सरच्या मधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने एवढ्या काजळीतही तग धरला आहे. परतताना हेच सीएनजीवर पाहिले; ट्रिममध्ये थोडा फरक आहे, पण मर्यादेत.

२५ फेब्रुवारी

मालक गाडी घेऊन आले. दिवा लागलेला नाही, एकही कोड नाही, ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर या दोन्ही मॉनिटरच्या (ईसीयूने स्वतः घ्यायच्या) चाचण्या पूर्ण झाल्याचे स्कॅनर दाखवतो. सायलेन्सरच्या तोंडावर पुसल्यानंतर करडी पूड आहे, काजळी नाही. शहरातले ॲव्हरेज मालकांच्या हिशेबाने पूर्वीच्या जवळ आले आहे. टाकी ते टाकी मोजून आकडा लिहून ठेवण्यास त्यांना सांगितले आहे.

जुना सेन्सर त्यांच्या हाती परत दिला आणि चिठ्ठीवर 'चालू, तपासलेला' असे लिहून दिले. किटच्या इतर जोडण्या अजून पाहायच्या आहेत: इंजेक्टरच्या तारा जिथे कापून किटमधून फिरवल्या आहेत तिथेही तीच चिकट काळी टेप दिसते. गाडी पुढच्या सोमवारी दिवसभर ठेवून घेण्याचे ठरले आहे.